टायमर हलवू नका
नाशिकला आज दिवसभर पाऊस, आणि समोर लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, एचआरटायमर (अतिअचूक टायमर), रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतून. टायमर आपल्याच स्ट्रक्टमध्ये (डेटाच्या गठ्ठ्यात) राहतो, पण सुरू झाला की त्याचा मेमरीतला पत्ता कर्नलच्या रेड-ब्लॅक ट्रीत, म्हणजे टायमर क्रमाने लावणाऱ्या झाडासारख्या रचनेत, जातो. स्ट्रक्ट हलला की पत्ता खोटा, म्हणून पिन, म्हणजे जागेवर खिळवणं, हवंच. सुरू करताना मिळालेलं हँडल (टायमरचा ताबा) ड्रॉप झालं, म्हणजे सोडलं गेलं, की टायमर रद्द होतो, आणि चालू कॉलबॅक (टायमर वाजल्यावर चालणारं फंक्शन) संपेपर्यंत ड्रॉप थांबून राहतो. खरी फसगत इथे! कॉलबॅकला लागणारा स्पिनलॉक (न झोपता वाट पाहायला लावणारं कुलूप) धरूनच हँडल सोडलं, तर दोघं संध्याकाळच्या द्वारका चौकासारखे अडकतात. कॉलबॅक सहसा हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवलेलं असताना, चालतो; तिथे म्युटेक्स (वाट पाहताना झोपवणारं कुलूप) चालत नाही. आणि कॉलबॅकमधून ‘रीस्टार्ट’ हे उत्तर देताना मुदत पुढे ढकलली नाही, तर टायमर लगेच पुन्हा वाजतो. वाजतच राहतो.