बोक्क, म्बोक्क आणि माझी वोलोफची वही

डाकारला येऊन आठ महिने होत आले. घरून फोन आला की प्रश्न ठरलेला, "मग, फ्रेंच जमायला लागलं का?" फ्रेंच लागतेच, सेनेगलची सरकारी भाषा आहे ती, बँकेत, फॉर्मवर, पाट्यांवर तीच. पण खालच्या दुकानात, बसमध्ये, मासळीबाजारात, संध्याकाळी रस्त्याकडेला शेगडीवर आत्ताया म्हणजे इथला चहा उकळत बसलेल्या पोरांच्या गप्पांत जी ऐकू येते ती वोलोफ, आणि मला तीच यायला हवी होती.

सुरुवातीला मी रोज वीस शब्द पाठ करायचे. कुत्रा, टेबल, लाल, पाऊस असे, आणि चार दिवसांत त्यातले पंधरा गायब. मग एकदा शेजारच्या आजींनी मला बशीभर आंबे दिले, मी म्हटलं "जरजफ", म्हणजे धन्यवाद, त्या म्हणाल्या "ञो को बोक्क". इथे धन्यवादला हेच उत्तर देतात, शब्दशः अर्थ "हे आपलं सामाईकच आहे". बोक्क म्हणजे वाटून घेणं, एकत्र असणं. त्याच रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले तर मोठ्या परातीसारखं एकच भांडं मध्ये आणि सगळे भोवती, प्रत्येकाने आपल्या समोरचं खायचं, हेही बोक्कच. आणि नातेवाईकाला शब्द काय, तर म्बोक्क! ज्याच्याशी आपलं काहीतरी सामाईक आहे तो. मला तर हा शब्द फारच आवडला. वहीत तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि त्या आजतागायत विसरले नाही.

तेव्हापासून मी शब्द एकेकटा घेतच नाही, त्याचं घराणं शोधते. जांग म्हणजे शिक, जांगाल म्हणजे शिकव, आपल्या शिकणं-शिकवणंसारखंच. उब म्हणजे बंद कर, उब्बी म्हणजे उघड. आणि "काट" तर लॉटरीच आहे, क्रियापदाला जोडलं की ते काम करणारा माणूस तयार. जाय म्हणजे विक, जायकाट विक्रेता. बेय म्हणजे शेती कर, बेयकाट शेतकरी. आपलं शेतकरी, वारकरी, गावकरी मधलं "करी" आठवा, अगदी तसंच वाटतं मला.

शब्द मी देवनागरीतच लिहून घेते, हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. शाळेत आपण च छ ज झ ञ घोकतो पण ञ ने सुरू होणारा एक शब्द आपल्याकडे धड सापडत नाही, इथे मात्र दोन म्हणजे ञार, तीन म्हणजे ञेट्ट! सरकारने १९७१ मध्ये वोलोफसाठी रोमन लिपीतलं लेखन ठरवून दिलंय, पण हॉटेलांच्या पाट्या अजून फ्रेंच पद्धतीने लिहितात, त्यामुळे चेबू जन (भात आणि मासे, इथला रोजचा जीव की प्राण पदार्थ) पाटीवर टी-एच-आय ने सुरू होतो आणि पुस्तकात नुसत्या सी ने. देवनागरीत तो प्रश्नच येत नाही, च तो च. जोडाक्षरांकडे मात्र नीट लक्ष द्यायचं. ओ लांबवून तोग म्हटलं तर "खाली बस", ग वर जोर देऊन तोग्ग म्हटलं तर शिजव. गडी आणि गड्डी वेगळे ऐकू येणाऱ्या आपल्या कानाला हे अवघड नाही.

नात्यांचे शब्द तर मी एका दुपारी घेतले. वडिलांच्या बहिणीला बाज्जेन, आईच्या भावाला निजाय. आत्या आणि मामा! इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे वाक्यभर समजावून सांगावं लागतं, आपल्याला एका शब्दात कळतं. अरबीतून आलेले शब्दही भेटतात, खबर म्हणजे खिबार, वखत म्हणजे वख्तू, जमाना म्हणजे जामोनो. सुबा म्हणजे सकाळ आणि उद्यासुद्धा.

एक गोष्ट मात्र खरंच मेहनतीची आहे. नामाच्या मागे बी, गी, मी, वी, की असं काहीतरी लागतं, एकवचनात असे आठ प्रकार. झाड गाराब गी, पाणी न्दोख मी, घोडा फास वी, माणूस नित की. आपल्याकडे तो-ती-ते जसं शब्दासोबत येतं तसं हे पहिल्या दिवसापासून शब्दाला चिकटवूनच लिहायचं, नाहीतर नंतर सगळी वही पुन्हा लिहावी लागते (मला लागली, चाळीस पानं).

आणि बाजारात जाणार असाल तर आधी पैशांचे आकडे. मोजणी पाचावर चालते, पाच म्हणजे जुरोम, सहा म्हणजे जुरोम बेन्न म्हणजे पाच-एक, सात पाच-दोन, असं नऊपर्यंत, मग दहाला फुक्क. हे सोपं. पण पैसे मोजताना हिशोब फ्रँकमध्ये नाही तर दरममध्ये, आणि एक दरम म्हणजे पाच फ्रँक. त्यामुळे भाजीवाली "तेमेर", म्हणजे शंभर म्हणाली की द्यायचे ५०० फ्रँक. जुन्नी म्हणजे हजार, पण हातात ठेवायचे ५०००. १०० फ्रँकचं नाणं म्हणजे ञार फुक्क, वीस. हे मनातल्या मनात पाचाने गुणणं पहिले काही आठवडे फार थकवतं.

काल टोमॅटो घेताना मी विचारलं "ञाता ला?", कितीला, ती म्हणाली "तेमेर", आणि मी गुणाकार न करताच ५०० ची नोट पुढे केली. ती म्हणाली "जरजफ". मी म्हटलं, "ञो को बोक्क."