सोळा पायऱ्या आणि एक डालपुरी

आज पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. बोटीतून उतरलेले करारबद्ध मजूर या १६ दगडी पायऱ्या चढून मॉरिशसमध्ये शिरायचे. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मी उगाच दोनदा चढलो.

बाहेर गाडीवर डालपुरी घेतली. दिसायला थेट आपली पुरणपोळी, पण आत वाटलेली पिवळी डाळ, वर रसभाजी आणि मिरचीची चटणी. जोडीनेच देतात. मी मराठी म्हटल्यावर बाई इथल्या क्रिओल भाषेत भडाभडा बोलायला लागल्या. त्याही मराठीच! मला कळले दोनच शब्द, ‘गणपती’ आणि ‘मोदक’. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते म्हणा.

समुद्र उद्या बघू. आज शर्टावर चटणी सांडलीये.