फरशीकडे बघत हिंडताना: खानापूर, हलशी, देगाव

बेळगावहून हलशीला जायचं तर खानापूर-नंदगड असा रस्ता. गाडीवरची पाटी कन्नड, कंडक्टरची आरडाओरड मराठी, आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी दोन्ही भाषांत. नंदगडला बरेच जण उतरतात. इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा वीर संगोळ्ळी रायण्णा, त्याला 1831 साली इथंच फाशी दिलं, त्याची समाधी इथं आहे. आम्ही पुढं गेलो. सोबत एक मित्र होता. तो हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, वाचतो आणि माझ्या छंदाला हसतो.

छंद असा की देवळात गेलं की लोक शिखर, तोरण, मूर्ती बघतात आणि मी फरशी बघतो. हंपीला मंडपांच्या दगडांत कोरलेले खेळांचे पट पाहिले आणि ही खोड लागली. एकात एक तीन चौकोन दिसले तर नवकंकरी. पाच गुणिले पाच घरं आणि त्यातल्या काहींवर फुल्या असल्या तर चौकाबारा. दगडात खोदलेल्या वाट्यांच्या दोन ओळी म्हणजे अळीगुळीमणे, वाट्यांत बिया टाकत खेळायचा खेळ. बहुतेक ठिकाणी एका ओळीत सात वाट्या. त्रिकोणी डोंगरासारखी आकृती आणि तिला कापणाऱ्या आडव्या रेघा असतील तर वाघ-बकरी. तिच्या सगळ्यात माहीत असलेल्या प्रकारात 23 जागा, तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या वाघांना कोंडतात. दोन्ही बाजूंचं बळ वेगळं, नियम वेगळे, तरी लढत बरोबरीची. बुद्धिबळाचं कौतुक करणाऱ्यांनी हा खेळ एकदा तरी खेळून बघावा.

हलशीबद्दल थोडक्यात. ही जुनी पलाशिका, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. त्यांचे पाचव्या शतकातले ताम्रपट इथं सापडले. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. तिथं पूजा आणि गर्दी चालू असल्यामुळं फरशी नीट बघणं जमलं नाही.

देगावला मात्र वेळ मिळाला. कित्तूरपासून जवळ, शेतांच्या मधे कमलनारायणाचं देऊळ. गोव्याच्या कदंब घराण्यातला राजा शिवचित्त पेरमाडी, त्याची राणी कमलादेवी. तिनं हे 1174 साली बांधवलं. शिल्पकाराचं नाव तिप्पोज, तेही नोंदलेलं आहे. तीन गाभारे, आणि छताकडं बघताना मान अवघडते. मी छताकडंही बघितलं, हे मित्राच्या समाधानासाठी सांगतो.

इथं एक नातं जोडावंसं वाटतं. शिवचित्ताची आई मैलळदेवी ही कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याची, म्हणजे सहाव्याची मुलगी. तिचा भाऊ सोमेश्वर तिसरा. त्यानं 1130 च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजानं मन कसं रमवावं हे सांगताना त्यात बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ चांगले विस्तारानं आले आहेत. म्हणजे कमलादेवीच्या मामेसासऱ्यांनीच खेळांवर लिहून ठेवलेलं! दरबारात पट कसा मांडत हे त्यामुळं कळतं. देवळाच्या कट्ट्यावर कोण काय खेळत होतं, हे मात्र कुठल्याच राजानं लिहिलेलं नाही.

ते बघायला आम्ही परतीच्या वाटेवर एका लहान गावात थांबलो. गावाचं नाव देत नाही. अशा पटांत लोक फोटोसाठी खडू, कधी रंगसुद्धा भरतात, आणि तो दगडातून निघत नाही. देऊळ साधं, कौलारू, पण मंडपाचे खांब जुने. ओट्यावर चौकाबाऱ्याचा पट होता, रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. मी गुडघ्यावर बसून बघत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय बघूलास रे तिथं? सोनं पुरलंय काय?”

“पट बघतोय, आज्जी.”

“मग बघूलास कशाला? बस की खेळायला.”

शेजारच्या घरातल्या, माहेर गोकाकचं असलेल्या अक्कांनाही हाक गेली. आज्जींनी कनवटीचे चिंचोके काढले. एका बाजूनं घासून पांढरे केलेले, चार. जितके पांढरे वर तितकी घरं पुढं, सगळे काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. हिशेब केला तर गंमत दिसते: चारही चिंचोके दोन्ही बाजूंनी सारखेच पडणारे धरले, तर 16 मधले 6 डाव दोनाचे, आणि चार किंवा आठाचा फक्त एकेक. आज्जींना हे गणित सांगितलं तर म्हणाल्या, “मला आठच पडतंय.” आणि खरोखर पडले. सोंगट्या म्हणून त्यांनी बांगड्यांचे तुकडे घेतले, अक्कांनी ज्वारीचे दाणे. मला खडे मिळाले. बाहेरची 16 घरं डावीकडून फिरायची, मग आतली 8 उलट्या दिशेनं, आणि शेवटी मधलं घर.

मी मुद्दाम विचारलं, हा पट कुणी कोरला? “आमच्या आधीपासनं हाय,” एवढंच उत्तर. त्यापलीकडे जाणं अवघडच असतं. देवळाचं साल पटाला लावता येत नाही; जुन्या दगडावर पन्नास वर्षांपूर्वीच्या गुराख्यानंही रेघा मारलेल्या असू शकतात. पट खांबाच्या बैठकीखाली अर्धा दडलेला असेल, तरच तो खांब उभा राहण्याआधीचा असं ठामपणे म्हणता येतं. मग तो पाथरवटांनी जेवणाच्या सुट्टीत कोरला असेल असंही वाटतं. इथला पट ओट्याच्या कडेला, दोघं पाय सोडून बसतील अशा जागी होता. खेळणाऱ्यानंच जागा निवडली, एवढं नक्की.

इराकमधल्या उर शहराच्या थडग्यांत साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पट निघाले. त्यांचे नियम लावायला ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांना इ.स.पू. 177 मधली एक बॅबिलोनी मातीची पाटी वाचावी लागली. इथं नियम सांगणारी माणसं समोर बसली होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. आज्जींच्या मते समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. अक्कांच्या माहेरी असली अट नाही. त्या कन्नडमधून भांडत होत्या, आज्जी मराठीतून, आणि अडलं कुणाचंच नाही. शेवटी ओटा आज्जींच्या घरासमोर म्हणून नियमही आज्जींचा, असं ठरलं. माझी एकही सोंगटी आत गेली नाही.

जाणार असाल तर पावसाळा टाळा, खानापूर भागात तो सहज संपत नाही. पट शोधायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात झिजलेल्या रेघा उठून दिसतात. त्यातूनही नाही दिसल्या तर दगडावर थोडं पाणी शिंपडा. खडू नको. आणि खिशात चार चिंचोके असू द्या.