आईच्या बोटावरचा चिमटा

आज आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बाहेर आणल्यावर बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर ९१ टक्के दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. भूलतज्ज्ञ मॅडमनी लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला, डोक्याकडची बाजू उंच केली. मग मला समजावलं: सेव्होफ्लुरेनसारख्या हुंगायच्या भुलीने श्वास उथळ होतो, फुफ्फुसांचा खालचा भाग थोडा मिटतो. एरवी ऑक्सिजन घटला की शरीर आपसूक जोरात श्वास घेतं. भुलीचा जरासा अंश उरला तरी ती जाग मंदावते.

"आजी, मोठा श्वास घ्या."

९४. मग ९७.

या चिमट्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये मांडलं. आज त्यांना मनोमन हात जोडले. आई आता चहा मागतेय!