हजेरीपत्रक आणि खोलीतली मुलं

सोमवार, संध्याकाळ

पाळणाघराच्या ऑफिसात फी, पावत्या, ईमेल यांचा ढीग कधीच संपत नाही. ते सगळं उद्यावर ढकलता येतं, हजेरी नाही. आग लागली तर बाहेर पळताना हातात तेवढाच कागद असतो.

घोळ होतो तो मुलांची खोली बदलताना. सकाळी लवकर आणि संध्याकाळी मुलं कमी, म्हणून दोन गट एकत्र बसवतात. मूल तिकडे जातं, नाव मात्र इकडच्याच पत्रकावर राहतं. त्यामुळे ज्या ताई मुलाला नेतात त्यांनीच त्याच क्षणी वेळ लिहायची. मागाहून आठवून लिहिलेल्या वेळेला काही अर्थ नाही. अंगणात जाताना आणि परत आत आल्यावर एकेक नाव घेऊन मोजायचं. नुसता आकडा फसवतो: एक मूल घरी गेलं, दुसरं उशिरा आलं, की बेरीज जुळते आणि मुलं जुळत नाहीत.

ताईंच्या पाळ्या लावताना आधी जेवणाची वेळ बघावी. कागदावर माणसं पुरेशी दिसतात, पण एक ताई जेवायला आणि एक डायपर बदलायला गेली की तान्ह्यांच्या खोलीत एकटीच उरते. बदलीची ताई तिथे आधी हवी, मोठ्या मुलांकडे नंतर.

औषध मूळ वेष्टनातच घ्यायचं. नाव, मुदत, मात्रा, पालकांची सही हे सगळे भरून देतात. ‘घरी शेवटचा डोस किती वाजता दिला’ हा रकाना हमखास कोरा. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान 4 तास लागतात, म्हणजे तो रकाना भरल्याशिवाय बाटली उघडायचीच नाही. पालक वैतागतात. वैतागू देत.

न्यायला नवीन माणूस आला तर यादीत नाव आणि हातात ओळखपत्र, दोन्ही हवं. मूल ‘मामा’ म्हणत धावलं तर ओळख पटली, परवानगी मिळाली नाही. पालकांचा फोन आला तरी आपल्याकडे नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन लावायचा.

अपघाताच्या वहीत ‘पडला, लागलं’ एवढं पुरत नाही. वेळ, जागा, डावा की उजवा गुडघा, कुणी पाहिलं, काय उपचार केले, आणि त्याच दिवशी पालकांची सही. सकाळी येतानाच गालावर ओरखडा असेल तर तो दारातच, पालकांसमोर लिहून घ्यायचा. संध्याकाळी तो कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.