मालागासी आणि खोसा: शेजार आहे, सोयरीक नाही

नकाशात मादागास्कर आफ्रिकेला खेटून दिसतं. मधली मोझांबिकची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी सुमारे ४०० किलोमीटर आहे. त्यामुळे तिथली भाषा मालागासी ही खोसा, झुलू, स्वाहिलीच्याच, म्हणजे बांटू घराण्यातली असेल असं वाटतं, पण ती त्या घराण्यातली नाही. तिची सख्खी बहीण बोर्निओत बारितो नदीकाठी बोलली जाणारी माआन्यान आहे, आणि हे नातं नॉर्वेच्या ओटो ख्रिस्तियन दाल यांनी १९५१ मध्ये सविस्तर मांडलं. खोसा मात्र अस्सल बांटू भाषा, दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातली.

दोन्ही शिकताना सर्वात आधी एक गोष्ट पक्की करावी: भाषा आपलं ओझं कुठे ठेवते. खोसात ते नामाच्या डोक्यावर असतं, मालागासीत क्रियापदाच्या अंगावर.

खोसात ‘मोठा कुत्रा खेळतोय’ म्हणजे ‘इंजा एन्कुलू इयाद्लाला’ आणि ‘मोठे कुत्रे खेळतायत’ म्हणजे ‘इझिंजा एझिन्कुलू झियाद्लाला’. नाम बदललं की विशेषण आणि क्रियापद दोघांनाही त्याच्या रंगाचं उपरणं घ्यावं लागतं. आपल्याला ही सवय आहेच, फक्त आपण शेपटाशी बदल करतो (मोठा, मोठे, मोठी) आणि खोसा तोंडाशी. लिंगं तीन नाहीत, त्यांच्या जागी नामांचे वर्ग आहेत, पंधराच्या आसपास. म्हणून शब्द सुटा पाठ करायचाच नाही. एकवचन आणि अनेकवचन जोडीने पाठ करायचं: उम्न्तू–आबान्तू (माणूस–माणसं), इंजा–इझिंजा. शब्दकोशातही अडतं, कारण बऱ्याच कोशांत शब्द मूळ धातूखाली लावलेले असतात. ‘आबान्तू’ हा ‘आ’खाली शोधला तर सापडत नाही, ‘न्तू’खाली सापडतो.

मालागासीत यातलं काहीच नाही. ‘झाझा’ म्हणजे मूल आणि मुलंही. संख्या दाखवायचीच असेल तर दर्शक सर्वनामाने, आणि ते नामाच्या दोन्ही बाजूंना लागतं: ‘इती झाझा इती’ म्हणजे हे मूल, ‘इरेतु झाझा इरेतु’ म्हणजे ही मुलं. नवशिके दुसरं ‘इती’ हमखास गाळतात. काळही सोपा: मिविदी (विकत घेतो), निविदी (घेतलं), हिविदी (घेईल).

खरी मेहनत पुढे आहे. वाक्य क्रियापदाने सुरू होतं आणि कर्ता शेवटी येतो: ‘मानासा लांबा नी वेहिवावी’, म्हणजे धुते कपडे बाई. कपड्यांना त्या शेवटच्या, मानाच्या जागी बसवायचं तर क्रियापद बदलतं: ‘सासान नी वेहिवावी नी लांबा’. साबणाला बसवायचं तर तिसरं रूप लागतं: ‘आनासान नी वेहिवावी लांबा नी सावुनी’. (सावुनी म्हणजे साबणच.) शेवटच्या जागी येणाऱ्या सामान्य नामाआधी ‘नी’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) हवंच, नाहीतर वाक्य लंगडं पडतं.

ही तीन रूपं का लागतात ते ‘जो–जी–जे’च्या वाक्यात कळतं. ‘बाई जे कपडे धुते ते’ हे मराठीत सरळ आहे, खोसातही सरळ आहे. मालागासीत मात्र ‘इझाय’ (जो) फक्त त्या शेवटच्या जागेवरच्या नामालाच जोडता येतो. त्यामुळे ‘नी लांबा इझाय मानासा नी वेहिवावी’ म्हटलं तर ‘बाईला धुणारे कपडे’ असा अर्थ होतो. आधी क्रियापदाचं ‘सासान’ करायचं, मगच कपड्यांबद्दल बोलायचं. म्हणून इथे क्रियापदाची तिन्ही रूपं एकत्र पाठ करावीत.

खोसाचे क्लिक, म्हणजे जिभेने चटकन काढायचे आवाज, ऐकून लोक घाबरतात, पण मराठी माणसाला ते जवळचे आहेत. रोमन ‘सी’ने लिहितात तो आवाज म्हणजे कुणाची कीव आल्यावर आपण करतो ते चुकचुकणं, आपल्या मनात चुकचुकणाऱ्या पालीचाच. ‘एक्स’ गालाच्या बाजूने निघतो, घोड्याला हाकताना काढतात तसा. ‘क्यू’ टाळूवरून सुटतो, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. प्रत्येक क्लिकचे अल्पप्राण, महाप्राण, घोष आणि अनुनासिक असे प्रकार होतात, म्हणजे आपलेच क, ख, घ, ङ. चूक होते ती क्लिक आणि स्वर यांच्यात फट पडल्याने. जिभेचा मागचा भाग ‘क’च्या जागी घट्ट धरून क्लिक आणि ‘आ’ एकाच झटक्यात सोडावा.

मालागासीत वेगळाच सापळा आहे. तिथला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च. पण ‘नाही’साठीचा शब्द आहे ‘त्सी’, आणि इकार आला की आपली जीभ आपोआप ‘ची’ म्हणते. हे मुद्दाम मोडावं लागतं. रोमन ‘ओ’ दिसला तर ‘उ’ वाचायचा.

एक योगायोग मला फार आवडतो. १८२३ साली मादागास्करच्या पहिल्या रादामा राजाने रोमन लिपी ठरवली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ईस्टर्न केपमधल्या त्युमे खोऱ्यात मिशनरी जॉन बेनी यांनी खोसा पहिल्यांदा छापली. मालागासीने ‘सी, क्यू, एक्स’ वर्णमालेतून वगळले. खोसात तीच अक्षरं क्लिकसाठी कामाला लागली.

आकड्यांत मालागासी आपल्या बाजूची आहे. पंचवीस म्हणजे ‘दिमी आंबी रुआपुलु’, पाच अधिक वीस. पण ती तिथे थांबत नाही. ३५०० हे ‘पाचशे आणि तीन हजार’ असं येतं, म्हणून किंमत शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पैसे काढू नयेत. लाखाला ‘हेत्सी’ म्हणतात, आणि तो मलयमार्गे गेलेला आपला ‘कोटी’ आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदही तिथे आहे: इझाहाय आणि इसिका. खोसात दोन्हींना एकच ‘थिना’.

सोयरीक नसली तरी देवाणघेवाण झाली. मालागासीने पाळीव प्राण्यांची नावं पूर्व आफ्रिकेच्या बांटूंकडून घेतली. तिची कोंबडी ‘आकुहू’, खोसाची ‘इंकुकू’. कुत्र्याला मालागासीत ‘आंबुआ’, स्वाहिलीत ‘म्ब्वा’, आणि खोसात ‘इंजा’. इंजा वेगळा दिसतो, पण नाही. खोसात पुढे ‘व’ आला की ओठांचा वर्ण टाळूचा होतो: ‘ह्लाम्बा’ म्हणजे धुणे, ‘ह्लांज्वा’ म्हणजे धुतलं जाणे. ‘म्ब’चा ‘ंज’ झाला तो तिथेही आणि कुत्र्यातही.