मोठा श्वास घ्या म्हणालो आणि 'गुठळ्या' दिसल्या

फुफ्फुसाच्या सीटी अँजिओमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) कॉन्ट्रास्टमुळे, म्हणजे शिरेतून टोचलेल्या औषधामुळे, धमन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि त्यात कुठे करडा डाग दिसला की क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी, एवढंच मला सुरुवातीला माहीत होतं. मग एका पेशंटच्या दोन्ही फुफ्फुसांत एकदम बऱ्याच ठिकाणी असे डाग दिसले, मी रिपोर्टमध्ये 'एम्बोलिझम' (गुठळीने धमनी अडकणे) लिहून मोकळी होणार तेवढ्यात सीनियर म्हणाले, पेशंटने श्वास किती जोरात घेतला होता?

झालं असं, की खूप खोल श्वास घेतला की पोटाकडून खालच्या महाशिरेतलं रक्त झपकन हृदयात ओढलं जातं, त्या रक्तात कॉन्ट्रास्ट नसतो, मग धमनीत पोचेपर्यंत सगळं पातळ होतं आणि मधेच काळपट पट्टा दिसतो. म्हणजे गुठळी नाहीच, नुसतं न मिसळलेलं रक्त! खऱ्या क्लॉटची कड बहुतेक वेळा ठळक असते, भोवती पांढरी रिंग दिसते, इथे कडा फिसकटलेल्या. म्हणून आता टेक्निशियनला सांगते, साधा श्वास घेऊन रोखायला सांगा, छाती फुगवायला नको.

स्कॅन चालू असताना श्वास हलला तर वेगळीच गंमत, तेव्हाही खोटी गुठळी दिसते, पण लंग विंडो (फुफ्फुस नीट दिसेल अशी चित्राची सेटिंग) लावली की त्याच स्लाईसमध्ये रक्तवाहिन्या दुहेरी दिसतात आणि चोरी पकडली जाते. श्वासनलिकेच्या फांदीत चिकट कफ अडकला तरी तो हुबेहूब गुठळीने भरलेल्या धमनीसारखा दिसतो, शेजारी शेजारीच असतात ना दोघी, मग एकेक स्लाईस मागे जाऊन नळी कुठून निघाली ते बघायचं, कंटाळवाणं आहे पण पर्याय नाही. शिरांचंही तसंच, त्याही धमनी वाटू शकतात, पण मागोवा घेतला की त्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेकडे (वरच्या कप्प्याकडे) जातात. वरच्या महाशिरेत कॉन्ट्रास्ट दाट साठला की त्याच्या रेघा बरोब्बर उजव्या धमनीवर पडतात, तो वैताग वेगळा.

या सगळ्यात चुकलं तर पेशंटला निदान तीन महिने रक्त पातळ करायची औषधं उगाच, आणि त्यातून रक्तस्रावाची भीती.

मला खरी धास्ती मात्र उलट्या प्रकाराची वाटते. धमनीच्या आतल्या थराचा सार्कोमा, अगदी दुर्मिळ कॅन्सर, पण स्कॅनवर मोठ्या क्लॉटसारखाच. अख्खी धमनी भरून तिला फुगवतो, आणि औषधं आठवडेच्या आठवडे चालू असूनही 'क्लॉट' तसूभर कमी होत नाही, उलट वाढतो. गुठळ्या सहसा जिथून येतात त्या पायाच्या शिरांत काही सापडत नाही, डी-डायमरही (गुठळीचा संशय तपासणारी रक्तचाचणी) कधीकधी नॉर्मल येतो. अशा वेळी पीईटी स्कॅन (कॅन्सर शोधायला मदत करणारा स्कॅन) करा म्हणून मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिते, फोनही करते.